गुडघा दुखतो, मग करंट डोक्याला का?

भंडाऱ्यात रोवणी संपली की आजी-मावश्या गुडघे धरून बसतात. झिजतो गुडघा, पण दुखणं जाणवतं मेंदूला. मग वीज मेंदूलाच दिली तर?

कल्पना जुनी आहे. पहिल्या शतकात रोमन वैद्य स्क्रिबोनियस लार्गस डोकेदुखीवर जिवंत विजेरी मासा लावायला सांगायचा. १९९१ मध्ये जपानच्या त्सुबोकावांनी वेदनेवर उपाय म्हणून मेंदूतल्या हालचाल सांभाळणाऱ्या भागावर शस्त्रक्रियेने इलेक्ट्रोड बसवले. २००० साली जर्मनीत नित्शे आणि पाउलस यांनी कवटी न उघडता, फक्त १ मिलिअँपिअर करंटने त्याच भागाची संवेदनशीलता बदलून दाखवली.

पुढे गुडघेदुखीवरही चाचण्या झाल्या. निकाल अजून संमिश्र आहेत, आणि झीज काही भरून येत नाही. तेव्हा घरी बॅटरी जोडू नका. पण आजीला "वय झालं, चालायचंच" असंही म्हणू नका. चालणंच तर अवघड झालंय तिला.