नावेच्या पिछाडीची पट्टी

वेग वाढवला की मोटारबोटीची पिछाडी खाली बसते, नाळ वर जाते आणि सुकाणूवाल्याला समोरचं दिसेनासं होतं. तळालाच पायरी ठेवावी, असं १८७२ साली इंग्लंडातल्या रॅमस नावाच्या पाद्र्यानं सुचवलं. पाद्र्याला नावेची उठाठेव! पण वाफेची यंत्रं जड, जमलं नाही. हलकी पेट्रोल-इंजिनं आल्यावर, १९१० साली, थॉर्नीक्रॉफ्ट यांची ‘मिरांडा चौथी’ तशाच पायरीवर पाण्यावरून धावली.

पायरी मात्र कायमची. ओझं हललं की तोल बदलतोच. म्हणून पुढे पिछाडीच्या फळीला बिजागरीच्या दोन पट्ट्या आल्या. तेलाच्या दाबानं पट्टी झुकते, पाणी तिला वर रेटतं, नाळ खाली येते. तेलाच्या नळीसाठी फळीला भोक पाडावं लागतं. ते बुजवताना हयगय झाली, तर पाणी लाकडात मुरतं. वरून रंग नवा, आतून फळी कुजलेली.