गंज, तराजू आणि रुळाचा सांधा

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत दरवर्षी कविता, प्रवासवर्णने, पाककृती आवडीने वाचल्या जातात. यंदा संपादक मंडळाने मला गाठले आणि "तुम्ही रोज रुळांवर असता, त्याबद्दलच काहीतरी लिहा" असा आग्रह धरला. मी डिप्लोमा झालेला साधा इंजिनिअर, लेखक नव्हे. तेव्हा रोज पायाखाली असणाऱ्या लोखंडाची आणि त्याचा स्वभाव ओळखायला जगाला किती काळ लागला, त्याची हकीकत सांगतो.

आमच्याकडे लाइनवर एक वाक्य नेहमी कानावर पडते, "साहब, लोहे को जंग खा गया." मराठीतही आपण "लोखंड गंजून गेले" असेच म्हणतो. जणू ते कुठेतरी नाहीसे झाले! प्रत्यक्षात गंजाचे पापुद्रे गळून पडतात म्हणून रूळ झिजलेला दिसतो. ते सगळे पापुद्रे गोळा करून तोलले, तर मूळ लोखंडापेक्षा वजन जास्तच भरेल. ११२ ग्रॅम लोखंडाचे पूर्ण तांबडे ऑक्साइड झाले, तर ते १६० ग्रॅम होते. वरचे ४८ ग्रॅम आले हवेतल्या ऑक्सिजनमधून. गंजात पाण्याचाही अंश असतो, तो वेगळाच. म्हणजे गंजणे हे लोखंडाचे मरण नव्हे, तर हवेशी जुळलेली सोयरीक आहे.

आज शाळेतल्या मुलालाही ठाऊक असलेली ही गोष्ट एकेकाळी मोठमोठ्या विद्वानांना उलटी दिसत होती. धातू हवेत तापवला की त्याचे भस्म होते. आपल्या वैद्यांनाही लोहभस्म चांगले परिचयाचे. अठराव्या शतकाच्या सुरुवातीस श्टाल या जर्मन वैद्याने सिद्धान्त मांडला, की जळणाऱ्या प्रत्येक पदार्थात फ्लॉजिस्टन नावाचे तत्त्व असते आणि जळताना ते निघून जाते. धातूतून फ्लॉजिस्टन गेले की मागे उरते ते भस्म. डोळ्यांना पटेल असेच हे स्पष्टीकरण होते, कारण ज्वाळा वर जाताना दिसते आणि खाली राख उरते.

पण तराजू हे मानायला तयार नव्हता! काहीतरी निघून गेले, तर भस्म मूळ धातूपेक्षा जड कसे? १६३० साली जाँ रे या फ्रेंच वैद्याने हे वाढीव वजन हवेचे असल्याचे लिहिले होते. फारसे कोणी लक्ष दिले नाही. १६७३ साली रॉबर्ट बॉइलने बंद भांड्यात धातू तापवला, भांडे उघडले आणि मग वजन केले. वजन वाढले होते. अग्नीचे कण काचेतून आत शिरले, असा अर्थ त्याने लावला.

शंभर वर्षांनी, १७७४ साली, पॅरिसमध्ये आंत्वान लाव्हाझिएने तोच प्रयोग केला. फक्त क्रम बदलला. बंद भांड्यात कथील तापवले आणि भांडे उघडण्यापूर्वी तोलले. वजन पूर्वीइतकेच! मग भांडे उघडले, बाहेरची हवा सूं करत आत शिरली, आणि आता वजन वाढले. म्हणजे अग्नीतून काही आले नव्हते. भांड्यातल्याच हवेचा काही भाग धातूने घेतला होता आणि ती उणीव बाहेरच्या हवेने भरून काढली होती. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये प्रीस्टलीने पाऱ्याच्या भस्मापासून एक वायू वेगळा काढला. त्या वायूला ऑक्सिजन हे नाव लाव्हाझिएने दिले. १७८९ च्या आपल्या ग्रंथात त्याने नियम स्पष्ट मांडला : पदार्थ बदलतो, पण एकूण वस्तुमान तेवढेच राहते.

हाच लाव्हाझिए राजासाठी कर गोळा करणाऱ्या कंपनीत भागीदारही होता. राज्यक्रांतीच्या धामधुमीत ८ मे १७९४ रोजी त्याचा शिरच्छेद झाला. माणूस गेला, नियम राहिला.

आता आमच्या खात्याकडे वळतो. लोखंडाने घेतलेला ऑक्सिजन परत काढून घ्यायचा, तर ऑक्सिजनची त्याहून जास्त ओढ असलेला कोणीतरी हवा. तो म्हणजे अॅल्युमिनियम. पण हा धातू पूर्वी फार महाग होता. १८८६ साली अमेरिकेत हॉल आणि फ्रान्समध्ये एरू या दोन तरुणांनी एकमेकांना न कळत विजेच्या साहाय्याने तो स्वस्तात काढण्याची रीत शोधली. १८९५ साली जर्मनीच्या हान्स गोल्डश्मिटने लोखंडाचे ऑक्साइड आणि अॅल्युमिनियमची पूड एकत्र पेटवण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले, आणि १८९९ साली एसेन शहरात ट्रामचे रूळ या पद्धतीने जोडले गेले. हेच आपले थर्मिट वेल्डिंग.

साइटवर आम्ही दोन रुळांमध्ये साधारण २५ मिलिमीटर फट ठेवतो, साचा बांधतो, रुळांची टोके तापवतो आणि वरच्या मुशीतले मिश्रण पेटवतो. अर्ध्या मिनिटाच्या आत तापमान २५०० अंश सेल्सिअसच्या आसपास जाते. जड लोखंड तळाशी बसते, हलकी मळी वर तरंगते. रुळाच्या पोलादाशी जुळावे म्हणून मिश्रणात इतर धातूही असतात. मूळ हिशोब मात्र लाव्हाझिएचाच : १६० ग्रॅम ऑक्साइड आणि ५४ ग्रॅम अॅल्युमिनियम मिळून २१४, त्यातून ११२ ग्रॅम लोखंड आणि १०२ ग्रॅम मळी, पुन्हा २१४. गंजाच्या सख्ख्या भावंडातून पुन्हा लोखंड, आणि त्याच लोखंडावरून आपली गावाकडे जाणारी गाडी धावते.

"दिसते तसे नसते म्हणून जग फसते" ही म्हण आमच्या कामात शब्दशः खरी आहे. घासून चकचकीत केलेला सांधा वरून निर्दोष दिसतो. पण मिश्रणाला ओल लागलेली असेल, तर आत वायूचे बुडबुडे राहतात. इकडच्या कडाक्याच्या थंडीत लांब जोडलेला रूळ आखडू पाहतो. बांधलेला असल्याने आखडू शकत नाही आणि आतून ताणला जातो. दोष असलेला सांधा तडकतो तो अशाच रात्री, गाडीतले प्रवासी गाढ झोपेत असताना. म्हणून मिश्रण कोरडे ठेवणे, फट मापणे, वेळ घड्याळावर पाहणे आणि शेवटी अल्ट्रासोनिक यंत्राने सांध्याच्या पोटात डोकावणे, यातली एकही पायरी आम्ही गाळत नाही. आधी उघडायचे की आधी तोलायचे, एवढ्या फरकाने शंभर वर्षांचा घोळ मिटला, हे आम्ही विसरत नाही.

कॉलनीतल्या मुलांना एवढेच सांगणे, की रसायनशास्त्राची समीकरणे केवळ मार्कांसाठी घोकू नका. दोन्ही बाजूंची बेरीज स्वतः करून बघा. ती जुळते, या भरवशावरच रोज रात्री कितीतरी गाड्या सुखरूप पुढे जातात.