हिरवी वायर

शनिवार, दुपारी ४. सतरा तास चाळीस मिनिटं आधी

गणपतीला तीन आठवडे होते. राजापूर तालुक्यातल्या आमच्या घराच्या पडवीत मी मुंबईहून आणलेला कंदील लागत होता. काळ्या लोखंडाचा, चारी बाजूंना काचा, आणि टांगायला खांबावर स्क्रूने बसणारा वळणदार लोखंडी हात. त्या जागी इतकी वर्षं लाकडी राउंड ब्लॉकवर बेकेलाइटचा काळा होल्डर होता. दिसायला अगदीच गरीब, पण हात लागेल असं त्यात धातूचं काही नव्हतं.

घरात वीज आली १९७४ साली. तेव्हाचं वायरिंग लाकडी पट्ट्यांवर क्लिपा मारून केलेलं, आणि दिव्यांच्या लाईनीत दोनच तारा: फेज आणि न्यूट्रल. पुढे फ्रिज आला, विहिरीवर पंप बसला, तेव्हा मागीलदारी खड्डा खणून कोळसा-मीठ घालून अर्थिंग केलं. त्याची तार त्या दोन बोर्डांपर्यंत आली आणि तिथेच थांबली. 'घराला अर्थिंग आहे' असं आम्ही सगळे म्हणायचो. दिव्यांना ते नाही, हे कधी कुणाच्या मनातही आलं नव्हतं.

कंदिलातून तीन वायरी निघालेल्या होत्या: तांबडी, काळी, हिरवी. वायरमन शिडीवरून म्हणाला, "ही अर्थिंगची. इथे जोडायला काय नाय. कापू?"

शिडी मी धरली होती. म्हटलं, "काप."

त्याने आमची फसवणूक केली नाही. त्याने विचारलं होतं. ब्रिटनमध्ये १९६६ सालच्या वायरिंग-नियमांनी दिव्यांच्या सर्किटलाही अर्थिंगची तार आवश्यक केली. त्याआधीच्या ज्या घरांत ती नाही, तिथे धातूचे दिवे लावू नयेत अशी सूचना मेन बोर्डापाशी लावायला तिकडच्या इलेक्ट्रिशियनांना सांगितलेलं असतं. आमच्या मेन स्विचवर गेल्या वर्षीचं कॅलेंडर होतं.

सायंकाळी ७

कंदील पेटला. ओटीपासून पार अंगणातल्या तुळशीपर्यंत पिवळा उजेड पडला. आत्या म्हणाली, "लग्नघर वाटतंय रे." दादाने पावसात कपडे वाळवायची लोखंडी तार जुन्या खिळ्यावरून सोडवली आणि कंदिलाच्या हाताला घट्ट पिळून बांधली, म्हणजे पाच फूट जास्त मिळाली. दुसरं टोक पलीकडच्या लाकडी खांबाला. मी बघत होतो. मलाही ती युक्ती चांगलीच वाटली.

रात्री ११

वारा सुटला. पाऊस आडवा येऊन पडवीत शिरत होता आणि साखळीवर कंदील झुलत होता. लोखंडी हाताला पाडलेल्या ज्या भोकातून वायर आत जात होती, त्याची कड धारदार होती. तिथे रबरी बुश हवं होतं, ते नव्हतं. प्रत्येक हेलकाव्याला वायरीचं प्लास्टिक त्या कडेवर घासत होतं. हे मला पुढे कळलं. त्या रात्री मला फक्त साखळीची किरकिर ऐकू येत होती.

साडेअकराला लाईट गेली.

रविवार, पहाटे ५ वाजून १० मिनिटं. साडेचार तास आधी

लाईट आली. कंदील लख्ख पेटला.

तोवर आतलं तांबं लोखंडाला टेकलेलं होतं. फेज कंदिलाच्या अंगावर, तिथून हातावर, तिथून वीस फूट तारेवर पसरला होता. तार दोन लाकडी खांबांच्या मधे टांगलेली, त्यामुळे विजेला जमिनीकडे जायला म्हणावी तशी वाट नाही. वाट नाही म्हणून प्रवाह नाही, प्रवाह नाही म्हणून फ्यूज शांत. आणि दिवा तर जळतोच आहे. हा दोष दिसत नाही, ऐकू येत नाही, त्याचा वासही येत नाही.

हिरवी वायर खड्ड्यापर्यंत गेलेली असती तर? खड्ड्याचा रोध ५ ओहम धरला, तर २३० व्होल्टला ४६ अँपिअर. ५ अँपिअरची फ्यूज त्याच क्षणी उडाली असती. पडवी अंधारात गेली असती आणि आम्ही वायरमनला नावं ठेवत पुन्हा झोपलो असतो.

सकाळी ६

आत्याने कंदिलाचं बटण बंद केलं. कंदील विझला, तार मात्र जिवंतच राहिली. काही वर्षांपूर्वी फ्यूजचा कटआउट बदलताना त्याच्या पुढच्या फेज आणि न्यूट्रल तारांची अदलाबदल झाली होती, आणि तेव्हापासून घरातली सगळी बटणं न्यूट्रल तोडत होती. साध्या टेस्टरने हे कोणत्याही दिवशी कळलं असतं.

सकाळी ७ वाजून २० मिनिटं

पडवी झाडताना आत्याचा हात तारेला लागला. पायात रबरी चपला होत्या. ती ओटीवर आली नि मला म्हणाली, "अरे, तार चावतेय बघ."

माणसाला विजेची जाणीव १ मिलिअँपिअरच्या आसपास होते. दहाच्या पुढे स्नायू असे आखडतात की धरलेलं सुटत नाही. तिसाच्या पुढे, थोडा वेळ जरी गेला, तरी हृदयाचा ठोका विस्कटू शकतो. जाणवण्यापासून जीव जाण्यापर्यंतचं अंतर एवढंच आहे. आत्याला त्यातली पहिली पायरी लागली होती आणि तिने ती येऊन सांगितली होती.

मी म्हणालो, "हात ओला असेल." आणि चहा घेतला.

ओल्या हाताने मुंग्या येतात, म्हणजे तिथे वीज आहे. कोरड्या हाताला ती कमी लागते, एवढाच फरक. त्या वेळी उठून मेन स्विच पाडला असता तर पुढचं लिहावं लागलं नसतं. हे वाक्य मी मनात किती वेळा म्हटलं असेल.

सकाळी ९ वाजून ४० मिनिटं

आत्या न्हाऊन अनवाणी पडवीत आली. खाली पागोळ्यांनी भिजलेली फरशी, हातात पिळलेलं लुगडं. ते टाकायला तिने डाव्या हाताने तार धरून खाली ओढली.

ओल्या अंगाचा रोध हजार ओहमच्या आसपास. २३० भागिले हजार: २३० मिलिअँपिअर. पाच अँपिअरच्या फ्यूजच्या लेखी हा प्रवाह विसाव्या हिश्श्याहूनही कमी, एखाद्या साध्या बल्बइतका. फ्यूज वायरिंगला आग लागू नये म्हणून असते. तिला माणूस कळत नाही.

ओरडणं आलंच नाही. वहिनीला वाटलं आत्या नुसती उभी आहे. दादा धावला, त्याला मी मागे खेचलं, आणि मेन स्विचकडे पळालो. तो माजघरात, कणगीच्या मागे, कॅलेंडरखाली. अंधारात दांडा सापडायला किती वेळ लागला ते सांगता येत नाही. तोवर दादाने कोरड्या लाकडी पाटाने तार वर ढकलली होती. आम्ही आळीपाळीने तिच्या छातीवर दाब देत राहिलो, गाडी येईपर्यंत, नि गाडीतही. रुग्णालयात त्यांनी पाहिलं आणि आम्हाला बाहेर थांबायला सांगितलं.

मंगळवार

दुसरा इलेक्ट्रिशियन मीटर घेऊन आला. त्याने कटआउट ओढून दाखवला: फ्यूजची तार शाबूत. मग म्हणाला की जुन्या, दोन तारांच्या लाईनीवरसुद्धा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी चालतो, त्याला दिव्यापर्यंत अर्थिंग लागत नाही. गेलेली वीज परत येते का एवढंच तो मोजतो. आत्याच्या अंगातून गेली तेवढी हरवली असती, तर ४० मिलिसेकंदांच्या आत त्याने लाईन तोडली असती. माझी हिरवी वायर कापलेली असतानाही.

कटआउटपुढचे फेज-न्यूट्रल सरळ केले, आरसीसीबी बसवला. खड्ड्याचा रोध मोजला तर तो शंभराच्या वर निघाला. शंभर ओहमला २.३ अँपिअर, म्हणजे त्यावर फ्यूज उडालीच नसती. फ्रिजच्या आणि पंपाच्या ज्या अर्थिंगवर आमचा एवढा भरवसा होता, तेही नावालाच होतं. खड्डा नवा खणला. दिव्यांच्या लाईनीत तिसरी तार ओढायला दिवाळी उजाडली. कपड्यांसाठी आता नायलॉनची दोरी आहे, खांबापासून खांबापर्यंत.

कंदील मी स्वतः उतरवला. बुडाशी हिरव्या वायरीचं चार बोटांचं टोक तसंच होतं. त्या जागी प्लास्टिकचा होल्डर बसवला. खोक्यावर चौकोनात चौकोन अशी खूण होती, दुहेरी इन्सुलेशनची; अशा वस्तूला अर्थिंग लागत नाही. चाळीस रुपयांचा होता.