कावडीचा कामठा

आमच्या माळ्यावर धामणीच्या लाकडाची एक जुनी कावड पडलेली होती. नदीवरून पाणी वाहणं बंद झालं तेव्हापासून ती तिथेच चुलीच्या धुरात वाळत होती. मी अकरा वर्षांचा असताना त्या कावडीचा कामठा केला, आणि त्याच्यापायी एका माणसाचं साल गेलं.

वर्ष 1972. गाव तापीकाठचं, शहाद्याकडचं. तेव्हा आम्ही धुळे जिल्ह्यातच होतो, नंदुरबार वेगळं झालं ते 1998 ला. आमच्याकडे भिल्ल सालदार होता. त्याचं नाव लिहीत नाही, नातवंडं गावात आहेत. आम्ही पोरं त्याला दादा म्हणायचो. वयानं तो वडिलांपेक्षा मोठा, तरी वडील त्याला 'अरे' म्हणायचे.

दादाचा स्वतःचा कामठा बांबूचा होता आणि त्याची दोरीही बांबूचीच, चिरून काढलेली पट्टी. सुताची दोरी असते असं मला वाटायचं, कारण चित्रात तशीच पाहिलेली. तीर ओढताना तो अंगठा लावायचा नाही, दोन बोटांनीच ओढायचा. शाळेत एकलव्याची गोष्ट झाली होती, मी त्याला विचारलं. तो हसला. म्हणाला, "अंगठा मधे आला तर तीर हलतो."

मला कामठा करायचाय म्हणून मी मागेच लागलो. तो म्हणाला, "बांबू आपल्या शिवारात नाही, रानातला तोडला तर गार्ड धरतो. धामण असती तर झालं असतं." मी माळ्यावरून कावड काढली आणि सांगितलं, वडिलांनी दिली. खोटं सांगितलं.

त्यानं कावड हातात फिरवली, दोन्ही टोकं दाबून पाहिली. "हिला लवणं ठाऊक आहे," म्हणाला. कावड मधे जाड आणि टोकांकडे निमुळती असते, म्हणजे निम्मं काम आधीच झालेलं. खांद्यावर टेकायची ती बाजू त्यानं दोरीकडे घेतली आणि आभाळाकडची बाहेर ठेवली. ओझं वाहताना कावडीची वरची बाजू ताणली जाते, कामठ्याचीही बाहेरची बाजूच ताणली जाते. इतकी वर्षं ज्या अंगानं ताण सोसला तेच अंग पुढे. त्या अंगाला त्यानं हत्यार लागू दिलं नाही. तिथली एक शीर तुटली की कामठा तिथूनच उकलतो.

माझ्या उंचीएवढा तुकडा काढला. जाड ते त्यानं वाकसानं उडवलं, पुढे माझ्याकडे विळा आणि फुटक्या बाटलीची काच. काचेनं लाकूड खरवडलं की पिठासारखी भुकटी निघते. थोडं खरवडायचं, दोरी लावून थोडंसंच ओढायचं, लांबून बघायचं दोन्ही हात सारखे लवतात का. कामठ्याच्या दोन बाजूंना तो हातच म्हणायचा. "जो हात लवत नाही त्याला खरवड. लवतो त्याला शिवू नको." पूर्ण ताणायचा तो अगदी शेवटी. तीर न लावता दोरी सोडायची नाही. काम झालं की दोरी उतरवून ठेवायची, बैलाच्या मानेवरचं जू उतरवतो तशी.

हे सगळं ऐकूनही एका दुपारी, तो पाणी धरायला गेला असताना, मी एकाच जागी काच चालवत बसलो. नंतर ओढलं तर तो हात तिथेच कोपरासारखा मुडपायला लागला. दादा रागावला नाही. म्हणाला, "घातलेलं लाकूड परत येत नाही. आता दुसऱ्या हातालाही तेवढं कमी कर." तसं केलं. कामठा वाचला, पण दम गेला. तीर खळ्याच्या कडेपर्यंत जायचा, बस. मला तेवढ्यात राज्य मिळालं होतं.

आता त्या वर्षाचं सांगितलं पाहिजे. दुष्काळ होता. आदल्या वर्षी तालुक्यात पाटीलवाडीला आदिवासींवर गोळीबार झाला होता. अंबरसिंग महाराजांच्या सभा होत होत्या, श्रमिक संघटना उभी राहत होती, आणि आमच्या ओट्यावर रात्री मोठी माणसं हळू आवाजात बोलायची. दोन वर्षांपूर्वी भिल्लाच्या खांद्यावरच्या कामठ्याकडे कोणी मान वर करून पाहत नव्हतं. आता बघायचे.

माझ्या आजोबांच्या वेळी गावचा जागल्या भिल्लच होता. त्याच कामठ्याच्या भरवशावर गाव झोपायचं. दहावीपर्यंत शिकलेला माणूस मी, पण पुढे तालुक्याच्या वाचनालयात बसून बरंच वाचलं. खाज्या नाईक आधी सेंधव्याच्या घाटाची राखण करायचा, सरकारच्याच नोकरीत. तोच 1857 ला उलटला, आणि 11 एप्रिल 1858 ला आंबापाणीला इंग्रजांच्या फौजेशी भिल्लांची लढाई झाली. मग 1878 चा शस्त्र कायदा आला. त्यात शस्त्र म्हणजे काय ते सांगताना तोफा, बंदुका, तलवारींच्या रांगेत धनुष्यबाणही लिहून टाकला. त्याच 1878 साली जंगलाचा कायदा आला. रान राखीव झालं, तिथला बांबू तोडणं गुन्हा झालं. एका वर्षात कामठाही गेला आणि कामठ्याचं लाकूडही. दादाला ही सालं ठाऊक नव्हती. त्याला फक्त गार्ड ठाऊक होता.

वडिलांना कामठा सापडला तो गव्हाणीमागे. लाकूड त्यांनी लगेच ओळखलं. दादाला खळ्यात बोलावलं, शेजारचे दोघेतिघे होतेच. "माझ्याच घरचं लाकूड चोरतो, आणि माझ्याच पोराच्या हातात कामठा देतो?" दादानं माझ्याकडे पाहिलं. मी बैलाच्या आड उभा होतो. मी बोललो नाही. वडिलांचा मार मला नवा नव्हता, पण त्या दिवशी शेजाऱ्यांपुढे खायचा नव्हता. एवढंच कारण, दुसरं शोधून सापडत नाही.

दादा म्हणाला, "चुकलं मालक."

आखाजीला साल संपतं, तिला अजून दोन महिने होते. वडिलांनी त्याला तेव्हाच काढलं आणि राहिलेला हिशेब दिला नाही. तो पुढे दुसऱ्या गावी कामाला लागला. मला तो बाजारात दोनदा दिसला, दोन्ही वेळा मी गल्ली बदलली. वडील गेले, तोही गेला.

जुनं घर उतरवलं तेव्हा कौलांखाली कामठा निघाला. वडिलांनी तो जाळला असेल असं मी धरून चाललो होतो. त्यांनी का ठेवला, हे विचारायला आता कोणी नाही.

मी तो घेऊन दादाच्या नातवाकडे गेलो. नातू मोटारी दुरुस्त करतो. त्यानं दोन्ही टोकं धरून थोडंसं लववलं, आणि बोट बरोबर त्या जागी ठेवलं. "इथं जास्त खरवडलंय कोणीतरी."

"मीच," म्हणालो. मग कावडीचं सगळं सांगितलं. तो हाताचं ग्रीस पुसत ऐकत राहिला. मधे एक शब्द बोलला नाही. शेवटी म्हणाला, "काका, दोन महिन्यांचं साल म्हणजे तेव्हा किती होत असेल?"

मला आकडा सांगता आला नाही. वडिलांच्या वह्या ट्रंकेत आहेत, पाहून सांगतो म्हणालो. कामठा त्याच्याकडेच ठेवून आलो. वह्या काढल्यात, 1970 पर्यंतच्या सापडल्या आहेत.