दिनविशेष : ३ नोव्हेंबर १९०६
जर्मनीतील ट्युबिंगेन येथे मनोविकारतज्ज्ञांच्या सभेत डॉ. अलॉइस अल्झायमर यांनी एका रुग्णाची हकिगत मांडली. १९०१ मध्ये फ्रँकफर्टच्या मनोरुग्णालयात दाखल झालेली ऑगुस्ट डेटर तेव्हा अवघी ५१ वर्षांची होती. ताटात फुलकोबी आणि डुकराचे मांस. काय खाता, असे विचारले तर म्हणाली, पालक. नाव लिहायला सांगितले, तर ‘श्रीमती’ लिहून पुढचे विसरली. मृत्यूनंतर तिचा मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तेव्हा पेशींत तंतूंचे गुंते आणि पेशींबाहेर साचलेले थर आढळले. इतके मोठे निरीक्षण, पण सभेत कुणीही प्रश्न विचारला नाही, याची खंत वाटते. १९१० मध्ये एमिल क्रेपलिन यांनी पाठ्यपुस्तकात या आजाराला अल्झायमर यांचे नाव दिले. २०२३ मध्ये अमेरिकेत पूर्ण मान्यता मिळालेले लेकानेमॅब हे औषध त्याच थरांतील अमायलॉइड प्रथिनावर काम करते.