जुनी आलिशान मोटारगाडी

जुनी आलिशान मोटारगाडी म्हणजे मर्सिडीज-बेंझ, बीएमडब्ल्यू, ऑडी, व्होल्वो यांसारख्या उंची श्रेणीतील, पूर्वी दुसऱ्याच्या नावावर नोंदलेली गाडी. अशा गाडीची खरेदी व देखभाल यांचे नियम देशभर बहुतांशी सारखे असले, तरी अमरावती-अकोला भागात अंतर, पाणी आणि ऊन यांमुळे काही प्रश्न वेगळे उभे राहतात.

किंमत आणि खर्च

विम्यासाठी गाडीचे मूल्य ठरविताना चार ते पाच वर्षे वयाच्या गाडीवर ५० टक्के घसारा धरला जातो. आलिशान गाड्यांची बाजारातील घसरण अनेकदा याहूनही मोठी असते. मात्र सुट्या भागांचे दर गाडीच्या वयाप्रमाणे उतरत नाहीत. साठ लाखांची गाडी पंधरा लाखांना मिळाली, तरी तिचा गिअरबॉक्स साठ लाखांच्या गाडीचाच असतो. खरेदीत वाचलेला पैसा पुढील दुरुस्तीसाठी राखून ठेवणे जमत नसेल, तर ही खरेदी टाळलेली बरी.

मर्सिडीज-बेंझने १९९४ मध्ये भारतात कंपनी स्थापन केली. तिचा कारखाना २००९ पासून चाकणला आहे. बीएमडब्ल्यूची जुळणी २००७ पासून चेन्नईत होते. देशात जुळणी झालेल्या प्रतिमानांचे भाग पूर्णतः आयात गाड्यांच्या मानाने सहज मिळतात.

मालकी हस्तांतरण

अमरावतीच्या गाड्यांचा नोंदणी संकेत एमएच-२७, तर अकोल्याचा एमएच-३० आहे. महाराष्ट्रातील गाडी विकत घेतल्यास क्रमांक तोच राहतो. विक्रेता व खरेदीदार यांनी नमुना २९ व ३० भरावयाचे असतात. कर्ज फिटलेले असल्यास बोजा उतरविण्यासाठी नमुना ३५ लागतो. परराज्यातील गाडीसाठी नमुना २८ चे ना-हरकत प्रमाणपत्र, नवी नोंदणी आणि येथील कर हे सारे आले. दिल्ली परिसरात दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांवर राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये घातलेली बंदी सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये उचलून धरली. त्यानंतर तिकडच्या स्वस्त गाड्यांची चर्चा इकडेही होऊ लागली. पण करासह हिशेब मांडला की स्वस्ताई बरीच विरते.

नाव न बदलता केवळ मुद्रांकावर सह्या करून गाडी देण्याची रीत अजूनही आढळते. ती दोघांनाही घातक आहे. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात गाडी एकापाठोपाठ अनेकांना विकली गेली होती, परंतु नोंद पहिल्याच मालकाच्या नावावर होती. अपघाताच्या भरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकाचीच, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिला. गाडी व्यापाऱ्यामार्फत घ्यायची असल्यास त्याच्याकडे परिवहन कार्यालयाचे अधिकारपत्र आहे का, हे पाहावे. तशी तरतूद १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. विम्यातील ‘नो क्लेम बोनस’ व्यक्तीचा असतो, गाडीचा नव्हे. तो खरेदीदाराला मिळत नाही.

तपासणी

किलोमीटरचा आकडा मागे फिरविता येतो, म्हणून अधिकृत कार्यशाळेतील सर्व्हिसच्या नोंदींशी तो ताडून पाहावा. पुरात बुडालेल्या गाडीत गालिच्याखाली चिखल, आसनांच्या रुळांवर गंज आणि कुबट वास आढळतो. संगणकीय उपकरणाने दोषसंकेत वाचून घेणे आवश्यक. ते विक्रीपूर्वी पुसलेही जातात, म्हणून गाडी बरीच चालवून पुन्हा वाचावेत.

वऱ्हाडातील देखभाल

अधिकृत सेवेसाठी सहसा नागपूर गाठावे लागते. ते अमरावतीहून सुमारे १५० व अकोल्याहून सुमारे २५० किलोमीटर आहे. त्यामुळे बंद पडलेली गाडी ओढून नेण्याचा खर्चही देखभालीत धरावा. पूर्णा खोऱ्यातील खारपाण पट्ट्यात भूजल खारे आहे. रेडिएटरमध्ये विंधनविहिरीचे पाणी भरल्यास क्षार साचतात आणि ॲल्युमिनियमचे भाग खराब होतात. निर्मात्याने सांगितलेले शीतकद्रव्य, लागल्यास डिस्टिल्ड पाण्यासह, हाच उपाय. ‘साधे पाणी चालते’ हा सल्ला जुन्या जीपगाडीच्या काळातला.

मे महिन्यात तापमान ४५ अंशांपलीकडे जाते. त्या उन्हात बॅटरी, शीतकाच्या प्लास्टिक नळ्या आणि हवेवर चालणाऱ्या सस्पेन्शनच्या रबरी पिशव्या लवकर खराब होतात. डिझेल गाडी केवळ शहरात फिरविल्यास धुराच्या नळीतील काजळी-गाळणी तुंबते. ती मोकळी होण्यास अधूनमधून सलग वेगाचा प्रवास लागतो. अमरावती-अकोला महामार्ग त्यास सोयीचा आहे. त्यावरील ७५ किलोमीटरचा डांबरी पट्टा जून २०२२ मध्ये १०५ तास ३३ मिनिटांत घालून गिनीज विक्रम नोंदविला गेला. समृद्धी महामार्गावर जाण्यापूर्वी टायरचे वय पाहावे. टायरच्या बाजूवरील चार अंकांपैकी पहिले दोन आठवडा व नंतरचे दोन वर्ष दाखवितात. ‘२३१९’ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा.