पट्टा चौकात संपतो

पुणे सायकलींचे शहर म्हणून ओळखले जात होते, तेव्हा इथे सायकलमार्ग नव्हते म्हटले तरी चालेल. त्यांची गरजच पडत नव्हती. पेठा, कॅम्प, डेक्कन मिळून झालेले शहर सायकलच्या टप्प्यात होते आणि रस्त्यावर टांगे, हातगाड्या, थोड्या बस, त्याहून थोड्या मोटारी. खडकीच्या दारूगोळा कारखान्यातला कामगार, कचेरीतला कारकून, कॉलेजचा विद्यार्थी, सगळे पॅडल मारत जात. ज्याची स्वतःची सायकल नसे त्याला तासाच्या भाड्याने मिळे. सायकलला बिल्ला लागे, रात्री दिवा नसला किंवा मागे डबलसीट असले की पोलीस अडवत. नियम होते ते असे, स्वाराला शिस्त लावणारे. रस्ता आखताना त्याचा वेगळा विचार कोणी केला नाही, कारण बहुतेक वाहनांचा वेग जवळपास सारखा होता. त्या संथपणानेच सायकलस्वार सुरक्षित राहत होता.

हा संथपणा गेला तेव्हा त्याच्या जागी काही बांधले गेले नाही, हा माझा मुख्य मुद्दा. 1961 च्या पानशेत पुरानंतर सहकारनगर, गोखलेनगरसारख्या वसाहती उभ्या राहिल्या, कारखाने पिंपरी-चिंचवडकडे सरकले, अंतरे वाढली. आकुर्डीत बजाजच्या स्कूटर तयार होऊ लागल्या. 1972 साली आलेल्या चेतकसाठी लोक वर्षानुवर्षे नंबर लावून बसत. हाती पैसा आला की माणूस सायकल सोडणारच, रस्त्याला कशाला दोष द्यायचा, असे यावर म्हणता येईल. पण नेदरलँड्समधले लोक आपल्याहून आधी आणि अधिक श्रीमंत झाले. तिथेही दुसऱ्या महायुद्धानंतर मोटारी वाढल्या, सायकली घटल्या आणि 1971 मध्ये रस्त्यांवर सुमारे 3,300 माणसे मेली, त्यांत चारशेहून अधिक मुले होती. ‘बालहत्या थांबवा’ अशा नावाची चळवळ उभी राहिली, पाठोपाठ 1973 चे तेलसंकट आले, आणि मग सरकारने रस्त्यांत हात घातला. पैसा दोन्हीकडे आला. रस्त्याची आखणी मात्र एकीकडेच बदलली.

तिथेही पहिला प्रयत्न फसलाच म्हणायचा. सत्तरच्या दशकात टिलबर्ग आणि हेग या शहरांत प्रत्येकी एक उत्तम सायकलमार्ग बांधला गेला. त्या मार्गावर सायकली वाढल्या, पण शहरातले एकूण सायकल चालवणे फारसे वाढले नाही. मग डेल्फ्टमध्ये ऐंशीच्या दशकात सुटे मार्ग जोडून, तुटलेले दुवे आणि पूल बांधून सगळ्या शहराचे जाळे विणले गेले. तिथे सायकलींचा वापर वाढला. पुण्यात 2006 च्या अखेरीस कात्रज-स्वारगेट-हडपसर बीआरटी, म्हणजे वेगळ्या मार्गिकेतली जलद बससेवा, सुरू झाली, तिच्या कडेने सायकलपट्टेही आले. मध्येच झाड, मध्येच खांब, पुढे उभ्या केलेल्या मोटारसायकली, आणि चौक जवळ आला की पट्टा गायब! वळणाऱ्या गाड्या सायकलस्वाराला छेदतात त्या चौकातच. हा पट्टा रिकामा दाखवून ‘सायकल चालवायला माणसे आहेत कुठे’ असे विचारणे म्हणजे अर्धाच पूल बांधून नदी ओलांडणारे मोजणे. 2017 साली महापालिकेने सायकल आराखडा मंजूर केला, त्यात जाळ्याची कल्पना होती. त्याच सुमारास भाड्याच्या रंगीत सायकली रस्त्यावर आल्या आणि थोड्याच वर्षांत दिसेनाशा झाल्या. सायकली विकत आणता येतात. सलग रस्ता मात्र चौकाचौकाला पार्किंगची जागा सोडवून घेतच मिळवावा लागतो.

राहिला पेठांचा प्रश्न. शनिवार-नारायण पेठेतल्या बोळांत वेगळा पट्टा मावणारच नाही, ही तक्रार खरी आहे. पण अरुंद गल्लीला पट्टा हवाच असे कुठे आहे? डच लोकांनी 1976 मध्ये कायद्याने मान्य केलेल्या निवासी गल्ल्यांत सायकलसाठी वेगळी जागा नसते. तिथे मोटारीला माणसाच्या चालीने जावे लागते. पेठांना ही चाल नवी नाही, टांग्यांच्या काळी तीच होती.